मिस्त्रीकाका, ते कडं अजून आमच्याकडंच आहे

मिस्त्रीकाका, नमस्कार.

2025 च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला आणि ओसरताना आमच्या जॅकवेलच्या, म्हणजे नदीचं पाणी उचलायच्या विहिरीच्या तोंडाशी गोटे, मुरूम, गाळ यांचा पुरुषभर ढीग ठेवून गेला. सगळ्यांचा ऊस त्या एका तोंडावर. रीतसर परवानगी काढून आम्ही गाळ उपसायचा पंप भाड्याने आणला, तर तो दिवसातून सात-आठदा चोकअप. पाइप खोला, गोटे काढा, पुन्हा जोडा. चौथ्या दिवशी पोरं एकमेकांवर खेकसायला लागली.

तुम्ही सोलापुराहून आलात आणि पंपाकडे पाहिलंसुद्धा नाहीत. रबरी हातोडीने पाइप ठोकत निघालात. पोकळ, पोकळ, आणि एल्बोपाशी, म्हणजे काटकोनी जोडापाशी, बद्द. "इथं उघडा." दोन चपटे गोटे एकमेकांना अडून बसलेले, मागं मुरूम गच्च.

"पाइपाएवढंच तोंड ठेवलंय व्हय? मग घशात अडकणारच की." चार इंची पाइपाच्या तोंडाला तुम्ही साडेतीन इंची कडं बसवलंत. अडायचं ते तोंडाशीच अडू दे, तिथून काढणं सोपं. आम्ही आधी बारीक जाळी लावली होती. तिला बाभळीच्या काड्या आणि प्लास्टिक असं लपेटायचं की पाणीसुद्धा आत जाईना. एल्बो काढून लांब वळणाचा बेंड टाकलात, तेव्हापासून त्या जागी एकदाही अडलं नाही.

पुढचा सहा इंची पाइप ही माझी हौस. मोठा पाइप म्हणजे मोकळी वाट, असा माझा हिशोब. पण तेवढंच पाणी चारऐवजी सहा इंचांतून जायला लागलं की वेग निम्म्याच्याही खाली येतो, आणि वेग गेला की गोटा तळाला बसतो. जन्मभर मोटारी चालवून हे मला कळू नये! सगळ्यांसमोर तुम्ही हसला नाहीत, त्याचे वेगळे आभार.

पण खरं शिकवलंत ते घास घालायचं. आमची पोरं तोंड ढिगात खुपसून ठेवायची. तुम्ही म्हणालात, "कडक भाकरी खाताना मधे पाणी पिता ना?" थोडा मुरूम ओढायचा, तोंड उचलून नुसतं पाणी जाऊ द्यायचं, मग पुन्हा. सक्शनवरच्या, म्हणजे पाणी ओढायच्या बाजूच्या गेजचा काटा चढायला लागला की आधीच तोंड उचलायचं. आणि बंद करण्याआधी पाइपातून स्वच्छ पाणी येईपर्यंत पंप चालू ठेवायचा, नाहीतर आतला माल जागेवरच बसतो. चालू पंपाच्या तोंडात हात घालणाऱ्या माझ्या पुतण्याला तुम्ही घातलेली शिवी मात्र इथं लिहीत नाही. त्याला ती पाठ आहे.

नंतरच्या सहा दिवसांत दोनदाच अडलं, तेही कड्यापाशी.

मजुरी घेतली नाहीत, शेंगाचटणीची पुडी तेवढी नेलीत. कडं परत आणून देऊ, की पुढच्या पुरापर्यंत राहू दे?

तुमचा,
सीनाकाठचा एक ऊसवाला