खोली एकच, पण…

चि. केतकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर फारच वैतागली होतीस. ‘एक खोली, चार नट आणि शूटिंगला चार दिवस, यात मी दिग्दर्शन काय करणार?’ म्हणालीस. तेव्हा गप्प बसले, कारण फोनवर काही सांगायला गेलं की तू ‘हो गं आई’ म्हणून ठेवून देतेस. पत्र निदान वाचशील.

सिडनी ल्युमेटचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ पुन्हा लाव. त्याचा हिंदी अवतार, ‘एक रुका हुआ फैसला’, आपल्या घरात पाठ आहे, पण आता मूळचा बघ आणि संवादांकडे लक्ष न देता बघ. १९५७ चा हा ल्युमेटचा पहिलाच सिनेमा. त्याआधी तो टीव्हीवर थेट प्रक्षेपित होणारी नाटकं बसवायचा. (आणि त्याआधी, महायुद्धात, अमेरिकी सैन्यातर्फे भारतात आणि ब्रह्मदेशात रडार दुरुस्त करत होता!) जवळजवळ अख्खा सिनेमा ज्यूरीच्या, म्हणजे खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या बारा नागरिकांच्या, एका खोलीत घडतो. चर्चा तापत जाते तशी ती खोली आकसल्यासारखी वाटते. भिंती मात्र जागच्या जागी.

केलंय काय, तर सिनेमाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात कॅमेरा नजरेच्या वर ठेवला, मधल्यात नजरेच्या पातळीवर आणि शेवटच्यात खाली. म्हणून शेवटी शेवटी डोक्यावरचं छत दिसायला लागतं. लेन्सही हळूहळू जास्त फोकल लेंग्थच्या, म्हणजे दूरचं जवळ ओढणाऱ्या, घेत गेला, त्यामुळे मागची भिंत माणसांच्या पाठीला येऊन टेकते. मग सगळे कोर्टाबाहेर पडतात तेव्हा एकदम वाइड, म्हणजे मोठा आवाका दाखवणारी, लेन्स, आणि आपणही सुटल्यासारखा श्वास घेतो. यातलं काहीच खर्चिक नाही, पण आधी ठरवून ठेवावं लागतं.

मला स्वतःला जास्त आवडतो तो त्याचा तालमींचा हट्ट. बॅकस्टेजला आयुष्य गेलं माझं, आवडणारच! शूटिंगच्या आधी त्याने दोन आठवडे तालमी घेतल्या. गरजही होती. दर वेळी लाइट बदलायला पैसे नव्हते, म्हणून एका बाजूचा लाइट लागला की त्या बाजूचे सगळे शॉट उरकायचे, मग ते गोष्टीत कुठेही येवोत. हेन्री फोंडा आणि ली जे. कॉब पडद्यावर समोरासमोर भांडतात, पण कॉबची बाजू आधी चित्रित झाली आणि फोंडाची काही दिवसांनी. तरी सांधा कुठे दिसत नाही, कारण कुठल्या वाक्याला राग किती चढलेला असेल, हे दोघांच्याही अंगात तालमीतच मुरलं होतं.

पुढे त्याने ‘डॉग डे आफ्टरनून’, ‘नेटवर्क’, ‘द व्हर्डिक्ट’ असे एकाहून एक सिनेमे केले. ‘डॉग डे’ बँकेवरच्या दरोड्याचा असून सुरुवातीचं गाणं सोडलं तर त्याला पार्श्वसंगीतच नाही. (प्रत्येक प्रसंगामागे सतत घुमणारा, ‘ड्रोन’ म्हणतात तो आवाज घालणारा तुझा मित्र आठवला.) सगळंच जमलं असं नाही, ‘द विझ’ मला तासाभरापलीकडे बघवला नाही. दिग्दर्शनासाठी चार वेळा ऑस्करचं नामांकन मिळालं, बाहुली एकदाही नाही. शेवटी २००५ मध्ये मानद ऑस्कर दिलं. त्यानंतरही गडी थांबला नाही. २००७ मध्ये, त्र्याऐंशीव्या वर्षी, ‘बिफोर द डेव्हिल नोज यू आर डेड’ केला, आणि तो म्हाताऱ्या माणसाचा सिनेमा अजिबात वाटत नाही.

तर निर्मात्याकडे पाचवा दिवस मागू नकोस, तो देणार नाही. त्यापेक्षा चौघा नटांच्या तारखा दहा दिवस आधीपासून घे. तालमीला जागा नसेल तर आपला हॉल आहे. सोफा गच्चीवर चढवू, जमिनीवर खडूने खोली आखून घे. चहा-पोह्यांचं मी बघते. फक्त रविवारची दुपार सोड, बाबांचा पत्त्यांचा अड्डा असतो.

तुझी,
आई