वाडा कशाचा, हे दारावर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेठेत कुठे आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘जुना लाकडी वाडा असल्याने’ हे शब्द ठरलेले. अग्निशमन दलातून तांडेल म्हणून निवृत्त झालो, नोकरी बहुतेक पेठांतच गेली. म्हणून सांगतो, सगळं खापर लाकडावर फोडू नका.

लाकूड जळत नाही असं नाही. शनिवारवाडा १८२८ मध्ये पेटला तो आठवडाभर जळत होता. पण जाडजूड सागवानी तुळई बाहेरून कोळसा होते आणि तोच कोळसा आतलं लाकूड झाकतो. मिनिटाला मिलिमीटरभरही आग आत शिरत नाही. पडायच्या आधी तुळई करकरते, फळ्यांतून माती गळू लागते. माघार घ्यायला आम्हाला तेवढं पुरतं.

भीती आहे ती नंतरच्या डागडुजीची. तुळईला वाळवी लागली की लोखंडी गर्डर, वर खोली काढायची तर अँगल आणि पत्रा, आणि हे सगळं झाकायला पीओपीचं सीलिंग. साडेपाचशे अंशांच्या आसपास लोखंडाची ताकद निम्म्यावर येते आणि पेटलेल्या खोलीत छताजवळ एवढी धग व्हायला फार वेळ लागत नाही. वीस फुटी गर्डर तापून दीडेक इंच लांबतो आणि मातीत बांधलेली जुनी भिंत बाहेर रेटतो.

एका वाड्यात कोरीव खांब, ओसरी, चौक बघून आम्ही लाकडाच्या हिशेबाने आत गेलो. आकडी लावून सीलिंग ओढलं, तर वर गर्डर वाकलेला, टोक भिंतीतून सुटत आलेलं. दलातल्या पोरांना तसंच बाहेर काढलं. नंतर भाडेकरूंना विचारलं, तर म्हणाले, “मालकांनी कधी घातला कोण जाणे. सत्तर रुपये भाड्यात कोण विचारतो?”

२००६ च्या राज्याच्या कायद्यानुसार दर जानेवारी-जुलैत अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. टॉवरला ते ठीक. वाड्यात यंत्रणा कसली, पाण्याचा पिंप? तिथे दुरुस्तीची परवानगी देतानाच एक साधा नकाशा मागावा: गर्डर कुठे, पत्रा कुठे, सीलिंगच्या वर काय, दुसरा जिना आहे की भिंत घालून बुजवलाय. एक प्रत जवळच्या अग्निशमन केंद्रात असावी आणि ठळक गोष्टी दिंडीदरवाजाशेजारी पाटीवर लिहाव्यात. ‘येथे पादत्राणे काढू नयेत’ लिहायला पुणेकरांना जागा सापडते, याला का नाही?

ते होईल तेव्हा होईल. तोवर रहिवाशांनी १०१ ला फोन लावताना पत्त्यासोबत ‘वर पत्रा आहे’, ‘मधे गर्डर टाकलाय’ एवढं जरूर सांगावं. गाडी लक्ष्मी रस्त्यावर अडकली तरी निरोप वायरलेसवर आधी पोचतो.

– एक निवृत्त तांडेल, नारायण पेठ, पुणे