मेल तपासून देणाऱ्या अक्कांना

अक्का,

तुमच्या निरोप समारंभात शाल, नारळ आणि फोटोंच्या गडबडीत बोलायचं राहूनच गेलं. म्हणून हे जाहीर पत्र.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, आपल्या टॉवेलच्या ऑफिसात मला परदेशी गिऱ्हाइकांच्या मेलवर बसवलं, तेव्हा इंग्रजीच्या क्लासमध्ये घोकलेला, विशेषणाच्या शेपटीचा एकच नियम जवळ होता: माणसाला ‘एड’ (-ed), वस्तूला ‘इंग’ (-ing). जेवणाच्या सुट्टीत कडक भाकरी आमटीत चुरता चुरता तुम्ही तो मोडीत काढलात. “माणूस की वस्तू ते सोड गं. वाटतंय कुणाला आणि कशामुळे, तेवढं बघ.” ज्याला वाटतं तो ‘बोअर्ड’, ज्याच्यामुळे वाटतं तो ‘बोअरिंग’. म्हणजे माणूसही ‘बोअरिंग’ निघू शकतो (आपल्या मीटिंगांत अशांची वानवा नव्हती). आणि नुसत्या चेहऱ्यालाही ‘वरीड’ म्हणता येतं, कारण काळजी चेहऱ्याच्या मालकाची असते.

गड्ड्याच्या यात्रेतही तुम्ही सोडलं नाहीत. होम मैदानावर तिकिटाच्या रांगेत उजळणी: पाळणा ‘एक्सायटिंग’, वर किंचाळणारी पोरं ‘एक्सायटेड’. आणि खटक्यावर हात ठेवून जांभया देणारा पाळणेवाला? ‘बोअर्ड’. त्याला ‘बोअरिंग’ म्हटलं तर बिचाऱ्याच्या स्वभावावरच शेरा, ओळखदेख नसताना!

‘स्केअर्ड’चा जोडीदार ‘स्केअरी’, ‘इम्प्रेस्ड’चा ‘इम्प्रेसिव्ह’, ‘डिलायटेड’चा ‘डिलाइटफुल’. इथं ‘इंग’ लावायचं नाही, पाठच करायचं. ‘इंटरेस्टेड’च्या मागं ‘इन’. ही सगळी चिठ्ठी तुम्ही टेबलाच्या काचेखाली सरकवून दिलीत.

खरा उपयोग झाला तो तक्रारीच्या मेलना. तुमचं म्हणणं असं, की ‘आम्ही डिसअपॉइंटेड आहोत’ लिहिणारं गिऱ्हाईक मनातलं बोलतंय, म्हणजे अजून आपलं आहे. ‘तुमचा माल डिसअपॉइंटिंग आहे’ लिहिणाऱ्यानं मालावर निकाल देऊन टाकलाय. त्याला मेल नको, सरळ फोन लावायचा. हे कुठल्या व्याकरणात बसतं कोण जाणे, पण मी अजून तसंच करते, आणि फोनवर माणसं नरमतात.

तुमच्या खुर्चीवर आता नवी मुलगी आलीय. हुशार आहे, पण ‘टायर्ड’ लिहू की ‘टायरिंग’ म्हणून दर दुपारी माझ्याकडं बघते. तिला तुमच्या चिठ्ठीची झेरॉक्स दिलीय. मूळ चिठ्ठी मात्र कुणाला देणार नाही, मागू नका.

तुमची,
एक्स्पोर्टमधली धाकटी