गरवण्याच्या कातळांवर भरतीचा फळा हवा

महोदय,

कोकणच्या किनाऱ्यावर समुद्रात घुसलेली कातळाची टोके ही गळाने गरवणाऱ्यांची जुनी ठिकाणे आहेत, कारण गोबरा आणि तांबोशी हे मासे खडपाच्या कपारींत राहतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा या टोकांवर वर्दळ वाढते आणि नेमका तोच काळ खवळलेल्या समुद्राचा असतो. गावातला माणूस तिथीवरून भरतीची वेळ ओळखूनच निघतो. शहरातून आलेला हौशी मात्र ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवरून टोक गाठतो आणि मागची घळ पाण्याने भरल्यावरच परतीची वाट बंद झाल्याचे त्याच्या ध्यानात येते. ओल्या हिरव्या शेवाळावर तर चप्पलही टिकत नाही.

अशा ठिकाणी ग्रामपंचायतींनी भरती-ओहोटीच्या वेळा लिहाव्यात आणि जवळ एक मजबूत दोर ठेवावा. वेळा रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्याने रंगवलेली पाटी निरुपयोगी आहे. खडूने लिहिण्याचा साधा फळा पुरेल. तुटलेला तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) कपारीत सोडू नये, अशी एक ओळही त्यावर असावी, कारण त्यात पक्षी अडकतात.

– एक वाचक, रत्नागिरी