तेविसाचा हिशेब

सेंट लुईस, मिसुरी
१२ ऑक्टोबर

ती. बापूकाका यांस,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर मी इथल्या पूलच्या लीगचं सांगत होतो, तेव्हा तुम्ही विचारलंत, "नुकती काठी धरलेला माणूस जुन्या खेळाडूला हरवतो कसा? समोरचा झोपलेला असतो का?" फोनवर ते समजावणं जमलं नाही, म्हणून सावकाश लिहितो. मंडळाच्या कॅरम स्पर्धेला यातलं काही उपयोगी पडेल, तेही शेवटी सांगतो.

आधी खेळ, एट-बॉल नावाचा पूलचा प्रकार. इथल्या बारमध्ये टेबल सात फुटी असतं, आतली खेळायची जागा ७८ इंच बाय ३९ इंच. एक पांढरा बॉल आणि १५ नंबरचे: १ ते ७ भरीव रंगाचे, ९ ते १५ पट्ट्यांचे आणि ८ नंबरचा काळा. आपला गट आधी संपवायचा, मग काळा घालवायचा. कॅरमचा माणूस पहिल्या दिवशी एकाच ठिकाणी अडखळतो. आपला स्ट्रायकर दर वेळी रेषेवर परत येतो. इथे पांढरा जिथे थांबेल तिथूनच पुढचा फटका. म्हणजे नेम हा निम्माच खेळ, उरलेला निम्मा पांढरा कुठे थांबवायचा याचा. समोरच्यानं फाऊल केला, म्हणजे पांढरा पॉकेटमध्ये गेला, आपल्या गटाच्या बॉलला आधी लागला नाही किंवा लागल्यावर एकही बॉल कुशनपर्यंत, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीपर्यंत, पोचला नाही, तर पांढरा उचलून हवा तिथे ठेवता येतो. फक्त ब्रेकवर, म्हणजे डावाच्या पहिल्या फटक्यावर, पांढरा पडला असेल तर तो सुरुवातीच्या रेषेमागेच ठेवायचा. नवख्याचे निम्मे डाव या उचललेल्या पांढऱ्यानंच हातात येतात.

मी सांगतोय ती लीग अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशनची. टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी १९७९ मध्ये ती सुरू केली. मुख्य कार्यालय लेक सेंट लुईसला, म्हणजे आमच्या शहराजवळच. वर्षात तीन हंगाम असतात, उन्हाळा, शरद आणि वसंत. संघ आठवड्यातून एका ठरलेल्या रात्री खेळतात, आणि वरपर्यंत पोचणारे ऑगस्टमध्ये लास वेगासला जातात.

एट-बॉलमध्ये प्रत्येक खेळाडूला २ ते ७ यातली एक लेव्हल असते, २ म्हणजे सगळ्यात कच्चा, ७ म्हणजे सगळ्यात पक्का. संघात आठ जणांपर्यंत नावं देता येतात, पण एका रात्री पाच जण पाच एकेरी सामने खेळतात, आणि त्या पाच जणांच्या लेव्हलची बेरीज २३ च्या वर जाऊ शकत नाही. ६ आणि ७ चे मिळून दोनच उतरवता येतात. सगळी गंमत या २३ मध्ये आहे.

समजा तुमच्याकडे ७, ६ आणि ५ असे तिघे पक्के आहेत. बेरीज १८. उरले ५, आणि त्यात दोघं बसवायचे, म्हणजे फार तर एक ३ चा आणि एक २ चा. त्या रात्री २ चा गडी आला नाही, तर चौथ्या सामन्याला बेरीज २१ होते आणि पाचव्याला उतरवायला माणूसच उरत नाही. सामना सोडून द्यावा लागतो. आपल्याकडे मुलांच्या खेळात लिंबूटिंबू असतो, त्याची धावही धरत नाहीत. इथे त्या लिंबूटिंबूवाचून संघच उभा राहत नाही. कॅप्टन सात वाजता सगळ्यात आधी त्याला फोन करतो, ७ वाल्याला नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कोणी किती डाव जिंकले की सामना संपला, हे दोघांच्या लेव्हलवरून तक्त्यात ठरलेलं आहे. ५ विरुद्ध ५ असेल तर दोघांनाही ४ डाव. ६ विरुद्ध ३ असेल तर ६ वाल्याला ५, ३ वाल्याला २. आणि ७ विरुद्ध २ असेल तर ७ वाल्याला ७ डाव, २ वाल्याला फक्त २. कागदावर मांडून बघा: पक्का खेळाडू दर पाच डावांपैकी चार जिंकणारा असला, तरी समोरच्यानं दोन घेण्याआधी सात जिंकणं त्याला निम्म्याच वेळा जमतं. गडी झोपलेला नसतो, काका.

शिवाय पूलमध्ये पक्क्याचा पाय घसरायची एक ठरलेली जागा आहे. तो आपले सात बॉल सरसर घालवतो आणि काळा चुकतो. आता टेबलावर फक्त समोरच्याचे बॉल आणि काळा. वाटा अडवणारं काही उरलेलं नसतं. २ वाल्याला कोडं सोडवून द्यावं तसं ते टेबल मिळतं. म्हणून शहाणा खेळाडू काळ्यापर्यंतची वाट दिसल्याशिवाय आपले सगळे बॉल साफ करत सुटत नाही. तुम्ही पण कॅरमला सांगताच ना, की राणीचा रस्ता बघितल्याशिवाय शेवटच्या सोंगट्या घालवू नका.

सामन्याचे गुण असे: समोरच्याला एकही डाव न देता जिंकलं तर ३-०. त्यानं काही डाव घेतले पण त्याला एकापेक्षा जास्त डाव हवे होते तर २-०. त्याला एकच डाव कमी पडला असेल तर २-१. २ वाल्यानं एक डाव जरी मारला, तरी त्याला एकच डाव हवा असतो, म्हणजे हरूनही एक गुण. कॅप्टन लोक आपला २ वाला समोरच्या ७ वाल्याच्या अंगावर टाकतात ते यासाठी. प्यादं देऊन वजीर अडकवायचा. आपल्या खेळाडूचं नाव आधी कोणी सांगायचं हे पहिल्या सामन्याला नाण्यावर ठरतं, पुढे आळीपाळीनं. ज्याला नंतर सांगायचं आहे त्याच्याकडे उत्तर द्यायची संधी, पण तोपर्यंत बेरीज संपवून बसला असेल तर संधी वाया.

लेव्हल ठरते कशी, हा पुढचा भाग आणि भांडणाचं मूळही तोच. डाव जिंकायला किती इनिंग (दोघांची एकेक पाळी झाली की एक इनिंग) लागल्या, त्यातून मुद्दाम खेळलेले बचावाचे फटके वजा. इनिंग कमी लागल्या तर लेव्हल वर. म्हणून लेव्हल खाली ठेवायची असलेले महाभाग सोपा बॉल चुकवतात आणि इनिंग फुगवतात. याला इथे सँडबॅगिंग म्हणतात. यावर उपाय पेन्सिलच. दोन्ही संघ आपापलं स्कोअरशीट भरतात. बॉल घालवायचा हेतूच दिसला नाही, तर तो फटका बचावाचा म्हणून नोंदवायचा, मग खेळणारा कितीही हळहळला तरी.

नवे लोक शीट भरताना हमखास एक चूक करतात. दोघांच्याही पाळीनंतर रेघ मारतात. पहिला ब्रेक कोणाचा हे दोघांनी बॉल लांबच्या कुशनला मारून परत आणून ठरवायचं. जिंकेल त्याचं नाव वर, दुसऱ्याचं खाली. रेघ मारायची ती फक्त खालच्याची पाळी संपली की. दुप्पट रेघा पडल्या की दोघंही कागदावर कच्चे दिसायला लागतात. प्रत्येक सामन्यानंतर दोन्ही शीट शेजारी ठेवून आकडे जुळवायचे. रात्री बाराला पाचही सामन्यांचं जुळवायला बसलात तर कोणाला काही आठवत नाही.

टाइमआऊट, म्हणजे खेळ थांबवून आपल्या खेळाडूला सल्ला द्यायची सवड, एक मिनिटाचा. लेव्हल ३ पर्यंतच्या खेळाडूला डावात दोन, वरच्यांना एक. खुर्चीवरून "वरून मार, वरून!" असं ओरडलं की फाऊल, आणि पांढरा समोरच्याच्या हातात. आपल्या मंडळींना हे जड जाईल. टेबलाशी जाणाऱ्यानं एकच गोष्ट सांगावी: पांढरा थांबायची जागा, कापडावर बोट टेकवून. तीन गोष्टी सांगितल्या की नवखा एकही करत नाही.

काळ्याला मारण्याआधी पॉकेटपाशी खूण ठेवावीच लागते, नुसतं बोट दाखवून भागत नाही. खूण नसताना काळा पडला आणि समोरच्यानं हरकत घेतली, तर डाव गेला. बाकीचे बॉल मात्र चुकून गेले तरी चालतात.

ब्रेकआधी त्रिकोणी चौकटीत बॉल लावण्यावरून कुरबुर होते, तीही सांगतो. पुढचा बॉल ठिपक्यावर, काळा तिसऱ्या ओळीच्या मध्ये. दोन्ही हातांची बोटं मागच्या ओळीमागे घालून सगळे पुढे दाबायचे, मग त्रिकोण किंचित पुढे सरकवून वर उचलायचा. मागे ओढला तर बॉल सुटतात. पुढच्या तीन बॉलमध्ये केसाएवढी जरी फट दिसली तरी जोराचा ब्रेक मऊ पडतो, बॉल ढिगातच राहतात. ठिपक्याजवळ कापडाला खळगा पडला असेल तर बोटभर बाजूला लावलेलं दोघांच्या संमतीनं बरं.

आता गणपतीतल्या कॅरमचं. तुमच्याकडे दर वर्षी तेच दोन गट अंतिम फेरीत येतात आणि बाकीचे पहिल्या फेरीनंतर येतच नाहीत, असं म्हणालात. या लीगचा नाइन-बॉल प्रकार कॅरमला जास्त जवळचा आहे. त्यात बॉलला एक गुण, ९ नंबरला दोन, आणि लक्ष्य लेव्हलप्रमाणे: १ वाल्याला १४ गुण, ५ वाल्याला ३८, ९ वाल्याला ७५. तुम्ही २५ चा सामना ठेवता, तर मी सुचवतो असं: पक्क्याला २५, मधल्याला १९, कच्च्याला १४. राणीचे ३ सगळ्यांना सारखेच. चार जणांचा संघ, पक्क्याचे ३, मधल्याचे २, कच्च्याचा १, आणि बेरीज ८ च्या वर नाही. म्हणजे दोन पक्के घेतले तर उरलेले दोघे कच्चेच. पहिल्या वर्षी आकडे चुकणार. कच्चा दहापैकी सात सामने जिंकायला लागला तर त्याचं लक्ष्य १६ करा, स्पर्धा चालू असताना मात्र बदलू नका.

कोण पक्का, कोण कच्चा हे तुम्ही एकट्यानं ठरवू नका. गल्लीत बोलणं बंद होईल. गेल्या दोन वर्षांचे स्कोअरचे कागद असतील तर त्यांचे फोटो पाठवा, मी त्यावरून लावून देतो. नावं झाकलीत तरी चालेल.

काकूंना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

आपला,
मंदार