पत्ताकोबीची गाडी आणि हिशेबाची वही

धरमपेठ, नागपूर

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या रोममध्ये सुटलेले कैदी सांभाळणाऱ्या ब्रिटिश मेजर सॅम डेरीवरच्या तुझ्या एकांकिकेचा खर्डा वाचला. डेरीच्या हातात तू पिस्तूल दिलंस, ते आधी काढ बाप्पा. ह्या माणसाचं हत्यार म्हणजे हिशेबाची वही.

सुरुवात केएतीच्या छावणीपासून कर, इटलीतल्या ज्या छावणीत डेरी युद्धकैदी होता. 8 सप्टेंबर 1943 ला इटलीची शरणागती जाहीर झाली आणि छावणीवरचे इटालियन पहारेकरी पांगले. फाटक जवळजवळ मोकळं होतं. पण लंडनहून आधीच हुकूम येऊन पडला होता, आपलं सैन्य येईपर्यंत जागा सोडू नका. वरिष्ठ कैदी अधिकाऱ्याने तो अक्षरशः पाळला. सैन्य आलं, पण जर्मनांचं! मला विचारशील तर तुझ्या नाटकातला खरा खलनायक हा हुकूमच आहे.

पुढे कैद्यांना उत्तरेकडे नेणाऱ्या गाडीतून डेरीने दिवसाढवळ्या उडी मारली. रोमबाहेरच्या टेकड्यांत त्याला त्याच्यासारखेच सुटलेले पन्नासेक जण लपलेले सापडले. हिवाळा तोंडावर, अंगावर धड कपडे नाहीत. त्याने गावच्या पाद्र्याकरवी व्हॅटिकनला चिठ्ठी धाडली आणि तिकडून 3,000 लिरा आले. त्याने पोच दिली आणि आणखी मागितले. तेव्हा पैसे देणाऱ्यांनी त्यालाच बोलावून घेतलं. तो रोममध्ये शिरला तो पत्ताकोबीच्या ढिगाखाली पडून. आपल्या कॉटन मार्केटात पहाटे भाजीच्या गाड्या लागतात, तशीच एक घोडागाडी डोळ्यासमोर आण. नाक्यावरचा शिपाई वरची दोन-चार गड्डी उचलून बघेल, सगळा ढीग कशाला उपसेल?

बोलावणारा होता मॉन्सिन्योर ह्यू ओफ्लाहर्टी, आयरिश पाद्री. गोल्फचा शौकीन, म्हणून त्याचं टोपणनाव ‘गोल्फ’. डेरी झाला ‘पॅट्रिक’. डेरी उंचापुरा आणि ओफ्लाहर्टीही तसाच, म्हणून ओफ्लाहर्टीचा झगा डेरीला बसला आणि तो व्हॅटिकनमध्ये ब्रिटिश राजदूत डार्सी ऑस्बोर्न यांच्याकडे पोचला. नट निवडताना ही दोन उंच माणसं जुळवून घे, नाहीतर तो प्रसंग हास्यास्पद होईल.

आता कामाचं. सुटलेल्या कैद्यांना घराघरांत लपवण्यापेक्षा पोसणं कठीण. मार्च 1944 मध्ये रोममध्ये माणशी पावाचं रेशन दिवसाला 100 ग्रॅमवर आलं होतं. लपलेल्याला रेशनकार्ड नाही, म्हणजे त्याचा घास काळ्या बाजारातूनच यायचा. म्हणून घरमालकाला नेमाने रोकड पोचवावी लागे. ती रोकड ऑस्बोर्नकडून यायची, डोरिया पाम्फिली नावाच्या राजपुत्रानेही दिली. पैसे घेतल्याची पावती हवीच. पण पावती शत्रूच्या हाती लागली तर घेणारं अख्खं घर गोत्यात. म्हणून डेरी नावं, हिशेब आणि पावत्या पत्र्याच्या डब्यांत घालून रात्री व्हॅटिकनच्या बागेत पुरून ठेवी. पुरावा जाळायचाही नाही आणि जवळ बाळगायचाही नाही. युद्ध संपल्यावर घरमालकांची भरपाई ह्याच कागदांवर ठरणार होती ना!

बिघडायचं कुठे? तरण्या पोरांना घरात कोंडून घ्यायचा कंटाळा येई. ती बाहेर पडत, खाणावळीत बसत, दोन पेले झाले की इंग्रजीत गळा काढत. तू गेस्टापोला, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांना, सहा प्रवेश दिलेस, ह्या कंटाळ्याला एकही नाही. हेन्रिएटा शेव्हालिए ह्या माल्टाच्या विधवेने घरभर लेकरं असताना सैनिक लपवले. कैदी पकडून देणाऱ्याला बक्षीस 1,800 लिरा आणि आसरा देणाऱ्याला मरणाची भीती. 23 मार्च 1944 ला रोमच्या व्हिया राझेल्ला रस्त्यात जर्मनांच्या तुकडीवर बॉम्बहल्ला झाला. दुसऱ्या दिवशी त्याचा सूड म्हणून जर्मनांनी आर्देआतिनच्या खाणींत 335 जण मारले. त्यानंतर रोममध्ये दार उघडणं म्हणजे काय, हे त्या घरांनाच ठाऊक.

4 जून 1944 ला रोम मुक्त झालं तेव्हा डेरीच्या यादीवर 3,925 माणसं होती, त्यातली फार थोडी शहरात, बाकी खेडोपाडी. शेतकऱ्याच्या गोठ्यात माणूस मावतो, शहरातल्या जिन्यावर शेजारी मोजत बसतात.

प्रेक्षक विचारतील, आपले जवान कुठे होते? इटलीतल्याच अवेझ्झानोच्या छावणीत भारतीय कैदी होते. पण पाद्र्याचा झगा चढवून इटालियन म्हणून खपणं त्यांच्या वर्णाला जमणारं नव्हतं. त्यांचं वेगळंच नाटक होईल, ते फ्रान्सातल्या एपिनालचं. 11 मे 1944 ला अमेरिकी विमानांनी तिथल्या छावणीवर बॉम्ब टाकले, भिंती पडल्या आणि सुमारे पाचशे भारतीय सैनिक फ्रेंच खेडुतांच्या मदतीने स्वित्झर्लंडला पोचले. पण ते ह्यात कोंबू नकोस.

तालीम सुरू झाली की कळव. रंगमंचावर पत्ताकोबी खरीच आण, थर्माकोलची गड्डी पडली की आवाजच येत नाही. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
वसंता