एका काटेकोर प्लेटेस्टरचे आभार

सप्रेम नमस्कार,

हजारो पानांच्या फँटसी कादंबरीमालेवरून रोल-प्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून, पात्रं वठवत आणि फासे टाकत खेळायचा खेळ) बांधताना सगळ्यात दुर्मीळ माणूस म्हणजे ती माला न वाचलेला प्लेटेस्टर, म्हणजे छापण्याआधी खेळ तपासणारा. चाहते ढिगाने मिळतात. पण नियमपुस्तिकेतल्या फटी ते स्वतःच्या आठवणीने बुजवतात आणि फट होती हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तुम्ही एकही खंड न वाचता, स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ऐकत, आमची पुस्तिका शेवटपर्यंत तपासलीत आणि जागोजागी एकच प्रश्न टाकलात: ‘हे खेळाडूला नेमकं कधी लागतं?’ हे जाहीर आभार त्या प्रश्नासाठी.

त्या प्रश्नापुढे पहिली गळाली ती वंशावळ. राजघराण्याच्या सगळ्या पिढ्यांतून खेळात लागतं ते एवढंच, की आज गादीवर हक्क सांगणारे तिघे कोण आणि त्यांना खेळाडूंकडून काय हवंय. जगाची ओळख आता 250 शब्दांत संपते. मोठ्याने वाचायला दोनेक मिनिटं लागतात. बाकीचा इतिहास जिथे कामाला येतो तिथे गेला. पडक्या किल्ल्याची हकिकत किल्ल्याच्याच पानावर.

नायकाचा पेच याहून अवघड. कादंबऱ्यांतली भविष्यवाणी एकाचं नाव घेते आणि टेबलाभोवती चौघे बसलेले असतात. त्यातल्या तिघांना हुजरेगिरी करायची हौस नसते. कथानक जसंच्या तसं उचललं, तर गेम मास्टर (खेळ चालवणारा) कीर्तनकार होतो आणि खेळाडू श्रोते. म्हणून खेळाचा काळ मूळ कथेच्या तीस वर्षं आधीचा ठेवला. शिवाय खलनायकाच्या गुपिताच्या तीन शक्यता दिल्या. मोहिमेच्या सुरुवातीला गेम मास्टरने गुपचूप फासा टाकायचा: 1-2 पहिली, 3-4 दुसरी, 5-6 तिसरी. ज्याला माला तोंडपाठ आहे, त्यालाही मग शोध घ्यावाच लागतो. ही युक्ती तुमचीच.

फाशांबद्दलची तुमची शंकाही रास्त होती: वीस बाजूंचा एक फासा सोडून आमच्या खेळात सहाबाजू दोन का? वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, 5 टक्के. दोन सहाबाजू फाशांची बेरीज मात्र मध्याकडे झुकते: 36 पैकी 6 वेळा 7 येतात, तर 12 एकदाच. 10 किंवा जास्त आले तर पूर्ण यश, 7 ते 9 आले तर किंमत मोजून यश, 6 किंवा कमी आले तर अपयश. मॉडिफायर (फाशांच्या बेरजेत मिळवायचा जादा आकडा) शून्य असताना हे प्रमाण 36 मध्ये 6, 15, 15 असं पडतं. +2 ला 15, 15, 6. +3 झाला की 21, 12, 3. अपयश जवळजवळ संपतं आणि मधला पट्टाही आक्रसतो. या कादंबऱ्यांतली जादू दरवेळी काहीतरी हिरावून घेते आणि खेळात ते हिरावणं या मधल्या पट्ट्यातच घडतं. तो पट्टा गेला की उरते ती नुसती आतषबाजी. म्हणून +2 ही कमाल मर्यादा, कुठल्याही जादुई तलवारीसकट.

आता मांडणी. दोन स्तंभांच्या पीडीएफमध्ये वाचनक्रम नीट लावला नाही, तर स्क्रीन रीडर डावी ओळ वाचून उजवीकडे उडी मारू शकतो. चित्र म्हणून चिकटवलेला तक्ता त्याला वाचताच येत नाही. जुन्या, बिगर-युनिकोड (अक्षरांचे प्रमाणित संगणकी संकेत न पाळणाऱ्या) फाँटातला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण कानाला निरर्थक अक्षरांची रांग ऐकू येते. आता एकच स्तंभ, खरी (नुसती ठळक केलेली नव्हे, शीर्षक म्हणून नोंदवलेली) शीर्षकं, शीर्षक-ओळ नोंदवलेले तक्ते, आणि अक्षर-पार्श्वभूमीचा काँट्रास्ट (उजळ-गडद फरक) किमान 4.5:1. नकाशावरचे धोक्याचे प्रदेश फक्त लाल रंगाने दाखवले होते, तिथे आडव्या रेघाही आल्या. नकाशाला शब्दांतली जोडयादी आहे: ‘खिंडीपासून उत्तरेला दोन दिवस, वाटेत एक नदी, पूल नाही’. गंमत म्हणजे नजर उत्तम असलेले गेम मास्टरही नकाशा सोडून हीच यादी उघडतात.

नावांचा मुद्दा कानाने ऐकणाऱ्यालाच सुचावा असा होता. पानावर सहज वेगळी दिसणारी दोन नावं बोलताना एक होतात. महत्त्वाच्या कुठल्याही दोन पात्रांची नावं आता एकाच अक्षराने सुरू होत नाहीत. मूळ नावं बदलता येत नाहीत, तिथे हाकेचं नाव दिलं: ‘लोहार’, ‘धाकटी राणी’.

प्रवासाचे नियम थोडक्यात. रोज एक फासा टाकला, तर वीस दिवसांची वाट तीन तासांचं सेशन गिळते. आता वाट कितीही लांब असो, फासे तीनदाच पडतात आणि दरवेळी काहीतरी बदलतं: शिधा, सोबती किंवा रस्ता.

एका बाबतीत मात्र आम्ही तुमचं ऐकलं नाही. शब्दसूची काढून टाका म्हणालात. ती तीस शब्दांवर आणून ठेवली आहे, कारण खेळाडूने मध्येच ‘हे काय असतं?’ विचारलं, तर गेम मास्टरला दहा सेकंदांत उत्तर सापडायला हवं. सूचीतून त्या त्या नियमाकडे जाणाऱ्या लिंक घातल्या आहेत. सवडीने त्या ऐकून पाहा आणि परतीची लिंक कुठे तुटते का, तेवढं कळवा.

तुमचे ऋणी,
खेळ लिहिणारी मंडळी